अडीच वाजताची बदली

आबा गेल्याची बातमी मला तोंडानं कुणी सांगितलीच नाही. मी वर्गात होते. चौथीची मुलं तेराचा पाढा म्हणत होती आणि नेहमीप्रमाणे तेरा सत्तेला अडखळली होती. दारात भिकनकाका येऊन उभे राहिले. आबांबरोबर, म्हणजे माझ्या वडिलांबरोबर, वीस वर्षं एकाच कारखान्यात माग चालवलेला माणूस. मी पुढे झाले तर त्यांनी उजवा पंजा आडवा धरला आणि सावकाश खाली आणला. यंत्रमागाच्या कारखान्यात एवढा खडखडाट असतो की शेजारी उभ्या असलेल्याचंही ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. पंजा आडवा धरून खाली आणला की समजायचं, माग बंद पडला. ही खूण मला लहानपणापासून ठाऊक होती. शाळेच्या दारात कसलाही खडखडाट नव्हता, काका बोलू शकले असते... पण त्यांनी पंजाच पुन्हा एकदा खाली आणला. मी मुलांना पाढा पुढे म्हणायला सांगितलं आणि चपला घातल्या.

रात्रपाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसले होते, तिथंच कलंडले. त्रेपन्न वर्षांचे होते. त्याला आज पाच आठवडे झाले. अशा आठवणींच्या लेखांतून बहुधा नावाजलेल्या माणसांविषयी लिहिलं जातं, हे मला माहीत आहे. आमच्या आबांना भेस्तानातली आमची गल्ली आणि कारखान्यातले चाळीसेक लोक सोडले तर सुरतेत कुणी ओळखत नव्हतं. पण माझं एक काम त्यांच्याकडे राहून गेलंय. ते कुठंतरी लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून हा खटाटोप.

आबा विशीत असताना शिंदखेड्याकडून सुरतेला आले. गावाकडचे आधी आलेले चार लोक होते, त्यांनी त्यांना मागावर उभं केलं आणि ते तिथंच उभे राहिले. उभे म्हणजे खरोखरच उभे, बारा तास. आमचं घर दीड खोलीचं, त्यात मी एकटी लेक. घरात बोलणं अहिराणीत, गल्लीत गुजराती, दुकानात हिंदी. महापालिकेच्या मराठी शाळेत मी सातवीपर्यंत पहिल्या तिनात असायची. पुढे मराठी शाळाच नव्हती. आठवीला गुजराती शाळेत घातलं. गुजराती मला भांडण्यापुरती फर्डी येत होती, पण त्या भाषेत बीजगणित आलं आणि माझी पार दाणादाण उडाली. नववीला नापास झाले आणि घरी बसले. घरी म्हणजे काय, गल्लीतल्या इतर मुलींबरोबर साड्यांचे धागे कापायला जाऊ लागले. विणकामात साडीच्या मागच्या बाजूला सुटे धागे लोंबत राहतात, ते छोट्या कात्रीनं एकेक कापायचे. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. मला बाई व्हायचं होतं. शाळेतली बाई, खडू हातात घेतलेली. धागे कापताना मी मनातल्या मनात शेजारच्या मुलींना बाराखडी शिकवत असे. हे मी फक्त आबांना सांगितलं होतं आणि तेही एकदाच.

अशी दोन-तीन वर्षं गेली. मग एकदा आबा गावाहून परतत होते आणि नंदुरबार स्टेशनात गाडी थांबली असताना त्यांना भिंतीवर एक जाहिरात दिसली. अठरा वर्षं पूर्ण असतील तर दहावी-बारावी नसली तरी चालेल, एक प्रवेश परीक्षा द्या आणि घरी बसून पदवीचा अभ्यास करा. महाराष्ट्रातल्या एका मुक्त विद्यापीठाची जाहिरात होती. आबा चौथी शिकलेले. अक्षर अन् अक्षर जुळवून त्यांनी ती सगळी जाहिरात बिडीच्या बंडलाच्या कागदावर उतरवून घेतली, खालच्या छापखान्याच्या नावासकट. तेवढ्यात गाडी सुटली. फलाटावरचे लोक ओरडत होते म्हणे, पण यांनी मान वर केली नाही. दुसऱ्या गाडीनं ते उशिरा घरी आले तेव्हा आईनं त्यांची चांगली खरडपट्टी काढली. लोक ओरडत होते तरी यांना कळलं कसं नाही, असं तेव्हा माझ्या मनात आलंच नाही. आबा तसेच, आपल्याच नादात असणारे, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

फॉर्म भरला, पुस्तकं टपालानं आली. पुस्तकांबरोबर एक वेळापत्रक होतं. महाराष्ट्रातल्या एका रेडिओ केंद्रावरून आठवड्यातून तीन दिवस, दुपारी अडीच ते तीन, पाठ ऐकवले जाणार होते. सुरतेतल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलींना हे सांगितलं तर हसतील, पण माझी शाळा ती अर्ध्या तासाची. आणि त्या अर्ध्या तासात मी साड्यांत मान घालून बसलेली असायची. आई दोन घरची धुणीभांडी करून पाचला परतायची. राहिले आबा. भिकनकाकांचा मेहुणा हजिऱ्याच्या कंपनीत लागला तेव्हा त्यानं नवा टू-इन-वन घेतला आणि त्याचा जुना आमच्याकडे आला. त्यात रेडिओवरचं बोलणं थेट कॅसेटवर भरून घेता यायचं. कारखान्यात पाळ्या दर पंधरवड्याला बदलत. आबांनी आपल्या सगळ्या दिवसपाळ्या दुसऱ्यांना देऊन टाकल्या आणि कायमची रात्रपाळी मागून घेतली. अशी मागणी कोण नाकारणार? सकाळी आठला येऊन झोपायचं, दोनला उठायचं, पाठ भरून घ्यायचा, पुन्हा जरा आडवं व्हायचं आणि सातला मागावर. आठ महिने हा माणूस सलग झोपला नाही.

केंद्र लांबचं, त्यामुळे आवाज मुळात क्षीण, आणि डायलवर त्याच्या अगदी खेटून एक जोरकस गुजराती केंद्र. मी खूप खटपट करून काटा नेमका कुठे हवा ते शोधलं आणि तिथं काचेवर माझी एक लाल टिकली चिकटवली. आबांना म्हटलं, काटा या टिकलीखाली असला पाहिजे. आबांनी टिकलीकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना नव्या मागाचा नकाशा समजावून देत होते. संध्याकाळी मी आले की कॅसेटच्या डबीवर त्यांच्या मोठ्या, तिरक्या अक्षरात आकडा आणि वार लिहिलेला असायचा.

अभ्यास चालला होता, पण घरावर टांगती तलवार होतीच. माझ्या मामानं शिरपूरकडचं एक स्थळ आणलं होतं. मुलाची स्वतःची किराण्याची टपरी, माणसं बरी, मुलगी पसंत. आईचा जीव त्यात गुंतला होता आणि तिला दोष द्यावा असंही नाही, माझ्या बरोबरीच्या दोघींच्या मांडीवर पोरं होती. मामा उत्तर मागायला आला तेव्हा आबा बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "परीक्षा व्हऊ द्या. नापास व्हयनी तं तुम्ही म्हनशात तठे." परीक्षा होऊ द्या, नापास झाली तर तुम्ही म्हणाल तिथं. आबांनी शब्द दिला म्हणजे दिला. माझं सगळं आता त्या एका परीक्षेवर येऊन ठेपलं होतं.

इथं माझीही चूक सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं आबांच्या माथी मारल्यासारखं होईल. पहिले पाठ भाषेचे आणि समाजशास्त्राचे होते. ते मी आनंदानं ऐकले, दोन-दोनदा ऐकले. नंतरचे गणिताचे. नववीत नापास झाल्यापासून गणित म्हटलं की मी पुस्तक मिटून ठेवायची. आज ऐकू, उद्या ऐकू, सुट्टीच्या दिवशी एकदम ऐकू, असं करत मी त्या कॅसेटी ट्रंकेत साठवत गेले. आबांनी दोन-तीनदा विचारलं, "ऐकं का?" मी मान डोलावली. परीक्षेला एकोणीस दिवस उरले तेव्हा एका सुट्टीच्या दुपारी वही-पेन्सिल घेऊन बसले आणि गणिताची पहिली कॅसेट लावली. आबा समोर पलंगावर बसून माझ्याकडे कौतुकानं बघत होते.

कॅसेटमधला माणूस गुजरातीत कपाशीवरच्या अळीबद्दल बोलत होता.

मला वाटलं, कॅसेट चुकली. दुसरी लावली. त्यात भुईमूग. तिसरीत कुणी बाई दुभत्या म्हशीचं खाणं समजावत होती. एकेक करून मी सगळ्या अकरा कॅसेटी लावून पाहिल्या. अकराही कॅसेटींवर शेतीवाडी. मी डायल पाहिला. टिकली होती, काटा बरोबर टिकलीखाली होता. पण टिकली जागेवर नव्हती, केसभर सरकलेली होती. मग उलगडलं. मागावर उभं राहण्याआधी कारागीर माग पुसतो, कापसाचा भुरा कशात अडकलेला असू नये म्हणून. आबा टू-इन-वन चालू करण्याआधी रोज फडक्यानं पुसत होते. एक दिवस टिकली निघाली आणि त्यांनी ती अंदाजानं परत लावली. पण हे कळूनही मला एक गोष्ट कळेना. त्यांनी ऐकलं नाही? अर्धा तास शेजारी बसून कपाशी आणि म्हशी ऐकल्या आणि या माणसाला काही वाटलं नाही?

मी विचारलं. आबा माझ्या ओठांकडे बघत होते. मग त्यांनी आपला उजवा पंजा टू-इन-वनच्या जाळीवर ठेवला, जसा ते मागाच्या लाकडावर ठेवत. म्हणाले, "मना हात व्हता त्यावर. तो बोली राह्यनता." माझा हात होता त्यावर, तो बोलत होता. गाणं लागलं तर पंज्याला वेगळं कळतं, बोलणं लागलं तर वेगळं, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. शांतपणे, कामातली गोष्ट सांगावी तसं. गाणं लागलं असतं तर त्यांनी लगेच ओळखलं असतं. बोलणं होतं, म्हणजे पाठच असणार... आबांना ऐकू येत नव्हतं. बरीच वर्षं येत नव्हतं. मागावर काम करणारी माणसं ओठ वाचतात, त्यांनी घरातही तेच चालवलं होतं आणि आम्ही त्यांना आपल्याच नादातले म्हणत होतो. आईला ठाऊक होतं. बहिरा असं नाव एकदा पडलं की ते निघत नाही, म्हणून दोघांनी ते झाकून ठेवलं होतं.

आज हे लिहिताना मला त्या मुलीच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते. त्या वेळी मात्र माझ्या डोळ्यांसमोर फक्त शिरपूरची टपरी होती. मी उभी राहिले आणि आबांच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाले, "ऐकू येत नही व्हतं तं सांगानं व्हतं ना. मनं वाटोळं करी टाकं तुम्ही." माझं वाटोळं केलंत. ओरडले नाही मी, ओरडून उपयोग नाही हे मला पाच मिनिटांपूर्वीच कळलं होतं. एकेक शब्द नीट, सावकाश म्हटला, त्यांना वाचता यावा म्हणून. त्यांनी तो वाचला. सात वाजायला वेळ होता तरी डबा घेऊन कारखान्यात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा पाळीवरून आले तेव्हा मी मोरीत भांडी घासत होते. आई चुलीपाशी पीठ मळत होती. माझी रात्र कशी गेली ते मी सांगत बसत नाही. मला त्यांच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती, म्हणून पाठमोरी बसूनच मी बोलायला लागले. आबा, माझं चुकलं. मी तसं बोलायला नको होतं. तुम्ही आठ महिने झोपला नाहीत, माझ्या डोळ्यांना दिसत होतं सगळं. कॅसेटी मी वेळेवर ऐकल्या असत्या तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. असं बरंच काही बोलले, बोलता बोलता रडू फुटलं. मागून उत्तर आलं नाही. घासून झालेलं पातेलं मी पुन्हा घासत बसले आणि मग एकदम लक्षात आलं, मी कुणाकडे पाठ करून बोलतेय... त्यांनी माझी फक्त पाठ पाहिली होती. तेव्हाच वळून सगळं परत म्हणायला हवं होतं. मी वळले तोवर आबा पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजले होते. संध्याकाळी म्हणू, असं मी ठरवलं. ती संध्याकाळ त्यानंतरच्या पाच वर्षांत कधी आली नाही.

त्याच दिवशी कामावर दीड वाजता आमच्या कात्रीकामाच्या खोलीच्या दारात आबांची सायकल उभी राहिली. पंधरा-सोळा मुली ओळीनं मांडी घालून बसलेल्या, मध्ये साड्यांचे ढीग, आणि टोकाला मंजुबेन. कामाची जबाबदारी तिच्यावर. लग्नसराईचे दिवस होते, एक दिवस दांडी मारली की जागा दुसरीला जायची. आबा सरळ तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि हिंदी-गुजरातीची खिचडी करून त्यांनी जे सांगितलं ते असं. टपालानं आलेल्या कागदात लिहिलंय की आता पंधरा दिवस रोज अडीच वाजता रेडिओवर गणिताची उजळणी आहे. आवाज बारीक, काट्यावर हात धरून बसावं लागतं, ते माझ्याच्यानं होत नाही. म्हणून पोरगी दीड ते चार घरी जाईल आणि तिच्या जागी मी बसेन. कारखान्यात कारागीर आला नाही की आपला माणूस बदली म्हणून पाठवतो, जागा शाबूत राहते. तसं.

असला प्रकार आमच्याकडे कुणी ऐकला नव्हता. बदली मागावर असते, मुलींच्या कात्रीकामात कसली बदली? मुली तोंडावर ओढणी धरून हसायला लागल्या. माझी मान लाजेनं खाली गेली. मंजुबेन हातातली साडी तपासत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "ना काका, एम न चाले. आ तो छोकरीओनुं काम छे." नाही, असं चालणार नाही, हे मुलींचं काम. तिनं ते साडीकडे बघत म्हटलं. आबा क्षणभर थांबले, मग माझ्याजवळ येऊन बसले, माझ्या मांडीवरच्या साडीला हात घातला आणि माझ्या बोटांतून कात्री काढून घेतली. मंजुबेन बघतच राहिली. तिला वाटलं असणार, एवढं तोंडावर नाही म्हटलं तरी हा माणूस बसला, म्हणजे हा काही हटायचा नाही. आबांना तिचे ओठ खरंच दिसले नव्हते, की दिसूनही ते बसले, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. दहा मिनिटांत त्यांनी अर्धी साडी साफ केली. हजारो वार कापड विणलेला हात तो, कुठला धागा ओढायचा आणि कुठला नाही हे त्याला शिकवायची गरज नव्हती. मंजुबेननं साडीची उलटी बाजू उजेडात धरून पाहिली आणि दुसरी साडी त्यांच्याकडे सरकवली.

तेव्हापासून रोजचा क्रम ठरला. दीडला आबा यायचे. मागावरचा नियम असा की पुढच्या पाळीच्या माणसाचा हात मागावर पडल्याशिवाय आधीच्यानं आपला हात काढायचा नाही. आबा साडीवर हात ठेवायचे, मग मी माझा काढायची, सायकल घेऊन वीस मिनिटांवरच्या घरी पळायची. घरात मी एकटी, एक हात काट्याच्या बटणावर, दुसऱ्या हातात पेन्सिल. आवाज वर-खाली व्हायचा, मध्येच गुजराती माणूस घुसायचा, मी श्वास रोखून बटण केसभर फिरवायची. शेकडेवारी, सरासरी, काळ-काम-वेग. रेडिओवरचे सर सावकाश बोलत. कशी कोण जाणे, मराठीतून ते गणित मला समजायला लागलं. चारला मी परत यायची, साडीवर हात ठेवायची, आबा हात काढायचे आणि झोपायला जायचे. सातला पुन्हा माग. त्यांचे डोळे खोल गेले होते. आई त्यांना जेवताना झोपलेलं बघून मान फिरवायची. माझ्याशी ती त्या दिवसांत फारसं बोलत नव्हती.

अकराव्या दिवशी सकाळी निरोप आला होता, पुढच्या पाळीचा माणूस आला नाही म्हणून आबा मागावरच थांबलेत, दुपारी तिथूनच येतील. दीड वाजला आणि आबा आले नाहीत. पावणेदोन झाले. दोन झाले. मी कात्री चालवत होते पण नजर दाराकडे. त्या दिवशी समीकरणांचा शेवटचा पाठ होता आणि कागदात लिहिलं होतं की परीक्षेत त्यावर प्रश्न हमखास असतो. पण मला आठवतं, दोननंतर समीकरणं माझ्या डोक्यातून गेली. रात्रभर न झोपलेला माणूस आठ मागांमध्ये फिरतो, त्याचं काय काय होऊ शकतं ते कारखान्याच्या आसपास वाढलेल्या पोरीला सांगावं लागत नाही. मी उठले तर जागा जाणार आणि बसले तर जीव थाऱ्यावर राहीना. मंजुबेन माझ्याकडे बघत होती. दोन वीसला सायकल वाजली. आबांच्या डाव्या हाताला मनगटापासून बोटांपर्यंत पांढरी पट्टी होती. मागात आडवा धागा नेणारा धोटा उडून लागला होता, दवाखान्यात टाके घालून तिथूनच ते आले होते. मी म्हटलं, नको आबा, आज नाही, मी नाही जात. या वेळी तोंडासमोर तोंड धरून म्हटलं. त्यांनी वाचलं आणि पट्टीचाच हात साडीवर ठेवला. "जाय बाई. उशीर व्हई राह्यना." मी तरी हात काढेना. तेव्हा मंजुबेन आपल्या जागेवरून उठून आली, आबांच्या शेजारी बसली, साडीचं टोक त्यांच्यासाठी ताणून धरलं आणि मला म्हणाली, "जा ने हवे." आता जा ना. मी पळाले. अर्धा पाठ निघून गेला होता. उरलेला अर्धा ऐकताना मी किती रडले आणि किती लिहिलं ते त्या वहीच्या पानावर अजून दिसतं.

परीक्षा नंदुरबारला होती. आबा बरोबर आले आणि तीन तास शाळेच्या फाटकाबाहेर उन्हात उभे राहिले. बसायला दगड होता, बसले नाहीत. निकाल दीड महिन्यानं टपालानं आला. तो दीड महिना मामा दर रविवारी येत होता. गणितात मी काठावर का होईना, पास होते. आबांनी तो कागद उलटसुलट पाहिला, सहीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "पास व्हयनी ना? मंग झायं." मामानं शिरपूरला नकार कळवला. मग मी पदवीला बसले, त्याच रेडिओवर, त्याच टपालावर, साड्यांचे धागे कापत. काटा मी स्वतः लावायची आणि कॅसेट त्याच दिवशी ऐकायची. गेल्या वर्षी पदवी मिळाली आणि भेस्तानातच एका लहानशा मराठी शाळेत मला घेतलं. शाळेच्या पहिल्या दिवशी आबा खिडकीबाहेर येऊन उभे राहिले होते. मी वर्गात काय बोलतेय ते ओठांवरून वाचत होते आणि मला बोलायची चोरी झाली होती.

तेराव्याला सगळे पांगल्यावर मी आणि आई दोघीच उरलो. तेव्हा मी तिला ते सांगितलं. मोरीतल्या त्या सकाळचं, पाठमोरी मागितलेल्या माफीचं. ती आबांपर्यंत पोहोचलीच नाही आणि पाच वर्षांत मी ती परत मागितली नाही, याचं. आईनं हातातली सतरंजी घडी करून ठेवली. मग म्हणाली, "त्यास्नी माले खुणाई इचारं, काय म्हनी राह्यनी ती? तुना खांदा हाली राह्यंतात." तुझे खांदे हलत होते. आबांनी माझ्या पाठीमागे आईला हातानं विचारलं होतं, ही काय म्हणतेय. आणि आईनं आवाज न काढता, नुसत्या ओठांनी उत्तर दिलं होतं.

"काय सांगं तू?" मी विचारलं.

"मी सांगं, गणितले घाबरी गई शे. परीक्षाना मारे रडी राह्यनी." गणिताला घाबरलीय, परीक्षेपायी रडतेय. आईनं पदरानं तोंड पुसलं. "रातभर उभा राहीसन येल माणूस. त्याले आखो रडाले लावू का?" रात्रभर उभा राहून आलेल्या माणसाला आणखी रडवू का?

म्हणजे आबा भिंतीकडे तोंड करून निजले तेव्हा ते रागावलेले नव्हते. मी गणिताला घाबरलेय एवढंच त्यांना माहीत होतं, आणि त्यावर काय करता येईल याचा विचार करत ते पडले होते. दुपारी दीडला सायकल घेऊन निघाले. माझी माफी त्यांना कळली असती तर त्यांनी मला माफ केलं असतं, यात शंका नाही, आणि मग गाढ झोपले असते, आठ महिन्यांत पहिल्यांदा. मी नापास झाले असते. या दोन गोष्टींतलं काय बरं झालं असतं हे मला तेव्हापासून तीन आठवडे विचार करूनही ठरवता आलेलं नाही. आईवर मला राग येत नाही. आबांचं देणं मात्र तसंच राहिलं.

आमच्या घरात आता आम्ही दोघी. दोघींनाही चांगलं ऐकू येतं. तरी आई स्वयंपाक करता करता आतून हाक मारत नाही. हात धुते, पदराला पुसते, बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहते, मी वहीतून मान वर करेपर्यंत थांबते आणि मग विचारते, भाकरी टाकू का? मीही उठते, तिच्या समोर जाते आणि सांगते, टाक.